जुन्या गाळातल्या परागकणांवरून डोंगराची प्राचीन काळची उंची काढायची आहे?

निफाडची थंडी आठव. गाव सपाटीवर, तरी हिवाळ्यात पारा असा घसरतो की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. म्हणजे थंडी दिसली की उंची असेलच, असं नाही. तुला पहिला धडा हाच.

रीत तशी सोपी आहे. गाळातल्या परागकणांवरून वनस्पती ओळखायच्या, त्यांचे आजचे जवळचे नातलग कोणत्या तापमानात जगतात ते पाहायचं आणि सगळ्यांना मानवेल असा पट्टा काढायचा. मग त्याच काळातल्या समुद्रसपाटीच्या तापमानाशी तुलना. हवा दर किलोमीटरला साधारण ६.५ अंशांनी थंड होते, त्यावरून उंची. नाशिक ते कळसूबाईचा माथा (१६४६ मीटर) एवढ्या चढात सहा-सात अंशांचा फरक येईल. पण तापमानात दोन अंश चुकलास, तर उंचीत तीनशे मीटर गेले! त्यामुळे उत्तर नेहमी पट्ट्यातच सांग.

खरी फसवणूक पाइन करतो. त्याच्या कणाला हवेच्या दोन पिशव्या असतात, वाऱ्यावर तो कुठल्या कुठे जातो. दरीतल्या तळ्यात पाइन सापडला म्हणून तळ्याकाठी पाइन होता असं लिहू नकोस. आणि सगळं जगच थंड झालं असेल आणि तू समुद्रसपाटीचं तापमान त्याच काळातलं धरलं नाहीस, तर डोंगर जागचा न हलताही उंच झाल्यासारखा दिसतो.

परागकण सुटे करण्यासाठी खडक विरघळवायला हायड्रोफ्लुओरिक आम्ल लागतं. ते घरी अजिबात नको, हाडापर्यंत जातं. आधी अंजनेरीवरची आजची फुलं गोळा कर, त्यांचे कण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायला शीक. वर्ष जाईल त्यात, जाऊ दे.