इन्सुलिन गरम पोचलं आणि कंपनी म्हणते, थर्माकोलवर बंदी आहे

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करते. वडील अकोल्यात असतात. त्यांच्यासाठी मे महिन्यात एका ऑनलाइन औषध कंपनीकडून इन्सुलिनची दहा पेनं मागवली. बिल ९,६०० रुपये. पार्सल चौथ्या दिवशी भर दुपारी पोचलं. खोक्यात चंदेरी बबल पिशवी होती आणि जेल पॅकचं पार पाणी झालं होतं. वडिलांनी फोटो काढून मला पाठवला, खोका आणि पिशवी घंटागाडीत टाकली आणि पेनं फ्रिजमध्ये ठेवली. तक्रार केल्यावर कंपनीचं उत्तर आलं : थंड ठेवायची औषधं परत घेतली जात नाहीत, तशी अट आहे, महाराष्ट्रात थर्माकोलबंदी असल्यामुळे पिशवी वापरली, उशीर कुरिअरचा, आणि वाद फक्त बंगळुरूच्या न्यायालयात चालेल. मी काय करू?

उत्तर : आधी वडिलांना फोन करा. ती पेनं वापरायची नाहीत आणि फेकायचीही नाहीत. वेगळ्या डब्यात, नावाची चिठ्ठी लावून फ्रिजमध्येच राहू द्या. डॉक्टरांना विचारून नवीन इन्सुलिन गावातल्या दुकानातून घ्या आणि पावती जपा. उन्हात बिघडलेलं इन्सुलिन नुसतं बघून ओळखता येत नाही, म्हणून ‘दिसायला तर ठीक आहे’ यावर विसंबू नका.

आता थर्माकोल. ही सबब ऐकायला पटते, पण कायद्यात टिकत नाही. राज्याच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेत औषधांच्या वेष्टनासाठीचं प्लास्टिक पहिल्यापासूनच बंदीतून वगळलेलं आहे. केंद्राने १ जुलै २०२२ पासून ज्या एकल-वापर वस्तू बंद केल्या, त्यांत थर्माकोल आहे तो सजावटीचा. औषधाचा उष्णतारोधक खोका त्या यादीत नाही. आणि समजा, थर्माकोल नकोच होता, तर पफचा (म्हणजे पॉलियुरेथेन फोमचा) खोका वापरता आला असता. अमुकच वेष्टन वापरा असं कायदा विक्रेत्याला सांगत नाही. औषध लेबलवर लिहिलेल्या तापमानात ग्राहकापर्यंत पोचलं पाहिजे, एवढीच अपेक्षा. ते कशात गुंडाळायचं, ही डोकेदुखी त्यांची.

‘उशीर कुरिअरचा’ याला मालविक्री अधिनियम, १९३० चं कलम ३९ उत्तर देतं. माल वाहतूकदाराच्या हाती दिला की तो ग्राहकाला दिल्यासारखाच, असं हे कलम सुरुवातीला म्हणतं आणि कंपनीचे वकील तेवढंच वाचून दाखवतील. पुढचं पोटकलम तुमचं आहे : मालाचं स्वरूप बघून वाहतुकीचा वाजवी करार करणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे, तो तसा केला नाही आणि वाटेत माल खराब झाला, तर ग्राहक विक्रेत्यालाच जबाबदार धरू शकतो. कुरिअर तुम्ही निवडलेलं नाही.

खरा मुद्दा तासांचा आहे. कुठलाही शीतखोका ठरावीक तासच थंडी धरतो. बनवणारे तशी चाचणी करून अहवाल देतात. म्हणून कंपनीला पाठवायच्या नोटिशीत तीन गोष्टी मागा : वापरलेल्या पिशवीचा चाचणी अहवाल, पार्सलमधल्या तापमानाची नोंद, आणि कुरिअरशी केलेल्या करारातली पोचवण्याची मुदत. माझा अंदाज, यातलं काहीच येणार नाही. न देण्याचाही ग्राहक आयोगापुढे उपयोग होतो.

त्यांचा सगळ्यात बळकट युक्तिवाद त्यांनी अजून केलेला नाही, पण करतील. वापरात असलेलं इन्सुलिन साधारण चार आठवडे घरच्या तापमानात चालतं, असं बहुतेक उत्पादकांच्याच माहितीपत्रकात असतं. मग चार दिवसांनी काय बिघडलं? तुमच्या पेनांसोबतचं पत्रक नीट वाचा. ही सवलत बहुधा ३० अंशांखालची असते. मे महिन्यात अकोल्याच्या रस्त्यावर बंद गाडीत ३० अंश कुठून आणणार? शिवाय वडील चार आठवड्यांत किती पेनं वापरतात? एक-दोन पेनांपुरता त्यांचा युक्तिवाद मान्य केला, तरी उरलेल्यांचं काय?

परत न घेण्याच्या अटीचं फार दडपण घेऊ नका. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे सदोष माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. त्याला लेखी ईमेल करा. बंगळुरूची अटही तुम्हाला अडवत नाही : ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ नुसार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्यात, तक्रार दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं, आणि ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या अर्ज करता येतो. पैसे तुमचे आणि वापर वडिलांचा, याची अडचण नाही. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्यात ग्राहकच आहे.

पुराव्याची बाजू थोडी लंगडी आहे. खोका गेला. पण जेल पॅक? आपल्याकडे ते कुणी टाकत नाही. बहुधा फ्रीझरमध्येच असतील. ते आणि पेनांवरचे बॅच क्रमांक यांचे फोटो काढून घ्या. पहिला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला पुरेसा नाही. मूळ फोटो वडिलांच्या फोनमध्ये आहे. तो पुसू नका, फोन बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत जोडू.

पेनं आत्ताच प्रयोगशाळेत पाठवायची घाई मी करणार नाही. औषधे व सौंदर्य प्रसाधने अधिनियमाच्या कलम २६ खाली ग्राहक शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो हे खरं, पण अहवाल उलटा आला तर तो तुमच्याच गळ्यात. तपासणी लागलीच तर आयोगच नमुना पाठवेल. अन्न व औषध प्रशासनाकडे मात्र वेगळी तक्रार जरूर करा. इन्सुलिन अनुसूची ‘क’ मधलं औषध. त्याच्या किरकोळ विक्रीला नमुना २१ (फॉर्म २१) चा परवाना लागतो. बिलावर तो क्रमांक आहे का बघा. नसेल तर मला आधी कळवा, कारण मग नोटिशीचा सूरच बदलेल.

मागणी आवाक्यात ठेवा : बिलाची रक्कम, गावात घेतलेल्या इन्सुलिनचा खर्च, मनस्तापापोटी माफक भरपाई आणि तक्रारीचा खर्च. वडिलांनी एकही डोस घेतला नसेल तर आरोग्याच्या हानीचा दावा जोडू नका. घेतला असेल आणि साखर वाढली असेल, तर डॉक्टरांची नोंद आणि तारखेसह तपासणी अहवाल लागेल. त्याशिवाय तो दावा टिकणं कठीण.

नोटीस स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही पाठवा, उत्तराला १५ दिवस द्या. आणि पार्सल कुठल्या गोदामात किती वेळ पडून होतं, हे दाखवणारं कुरिअरचं ट्रॅकिंगचं पान आजच स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. ही पानं फार दिवस राहत नाहीत.