पगार वेळेवर, तरी पाय निघत नाही

“मॅडम, पगार वेळेवर होतो, घराचं कर्ज फिटलंय, मुलगी मार्गी लागली. तरी सकाळी कॉलेजला जायला पाय निघत नाही. माझंच काही चुकतंय का?”

साताऱ्यातले वनस्पतिशास्त्राचे हे प्राध्यापक (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहूनच माझ्याकडे समुपदेशनाला आले होते. अशा बहुतेकांना आपल्या नाराजीची लाज वाटते. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा झालेली पोरं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासांप्रमाणे मानधनावर राबतायत आणि आपण कुरकुरतोय!

झोप-भूक आधी विचारली. ठीक होती. मग म्हटलं, “सर, कामात घड्याळ विसरलात, असं शेवटचं कधी झालं?”

बराच वेळ गप्प. मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्याला एक छोटं भिंग होतं, कडेचा रंग उडालेलं. चार वर्षांपूर्वी सप्टेंबरात कास पठारावर जावळीची एक विद्यार्थिनी त्यातून सीतेची आसवं बघत होती. या इवल्या जांभळ्या फुलाच्या मातीतल्या पिशव्या सूक्ष्म जीव पकडतात, हे कळल्यावर ती ओरडली, “सर, हे शिकार करतंय!” सांगताना सरांचा आवाजच बदलला. पुढे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली गळ्यात पडल्या आणि सहली थांबल्या.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये हेच मांडलं. पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक बिघडली की माणूस नाराज होतो. ते सुधारलं की नाराजी जाते, पण समाधान येतंच असं नाही. ते येतं प्रत्यक्ष कामातून, काही साधल्यातून, कुणी दखल घेतल्यातून. सरांची पहिली बाजू भरलेली होती, दुसरी कोरडी. यात कृतघ्नपणा कसला? तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाचं मात्र उलट असतं. ज्याचं मानधनच अडकलंय, त्याला प्रेरणेची व्याख्यानं देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

अर्ज फाडा म्हटलं नाही. सहा महिने ड्रॉवरमध्ये ठेवा म्हटलं, आणि आठवड्यातली एक दुपार क्षेत्रभेटीसाठी मागा. प्राचार्यांनी आधी नाही म्हटलं. सरांनी लेखी मागितलं, दोन फायली सहकाऱ्याकडे सोपवायची तयारी दाखवली, तेव्हा दुपार मिळाली. बाकी फायली अजून त्यांच्याकडेच आहेत.

परवा फोन आला. “मॅडम, क्षेत्रभेटीला अकरा पोरं झालीत आणि भिंग एकच. आणखी पाच घ्यायला साताऱ्याच्या राजपथावर आलोय.”