बैलाचा गुडघा असतो कुठं?

ताई, नमस्कार.

लेक दहावी झाली, दिवसभर खिल्लार बैल काढत बसते, मटणातली हाडंसुद्धा उकळून, वाळवून रेखाटते. ती म्हणते चित्रकला, तिचे बाबा म्हणतात सायन्स, आणि आटपाडीहून तुम्ही विचारता, नेमकं करायचं काय? चित्रं सोबत जोडलीत, बरं केलंत.

दोन्हींचा मेळ घालणारं एक काम आहे, प्राण्यांच्या शरीररचनेची चित्रं काढणं. त्यासाठी सायन्स घ्या आणि जीवशास्त्र सोडू नका. बाबांचा मान राखायला नव्हे हं. बारावी सायन्स करून, सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन बीएफएला, म्हणजे चित्रकलेच्या पदवीला जाता येतं. आर्ट्स करून पशुवैद्यकीयला मात्र जाता येत नाही; तिथं फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा लागते.

आता चित्रं. वशिंड, गळ्याखालची पोळी, शिंगांचा बाक झकास. मागचा पाय मात्र चुकलाय. मागं वळणारा जो सांधा तिनं गुडघा समजून काढलाय, तो बैलाचा घोटा. त्याचं मागं आलेलं टोक म्हणजे टाच. खरा गुडघा वर, पोटाला लागून. पुढचा फरा, म्हणजे खांद्याचं पातं, तर बरगड्यांना हाडानं जोडलेलाच नसतो, नुसत्या स्नायूंवर तोललेला असतो. म्हणून बैल चालताना खांदा वर-खाली सरकतो. हे एकदा कळलं की रेघ बदलते. इंग्लंडच्या जॉर्ज स्टब्जनं याचसाठी मेलेले घोडे टांगून, थरावर थर सोलत चित्रं काढली आणि १७६६ साली घोड्याच्या शरीररचनेचा ग्रंथ छापला.

मोबाइलच्या जमान्यात हे कशाला, असं बाबा म्हणतीलच. फोटोत रक्त, चरबी, स्नायू सगळा एकच लाल चिखल दिसतो. चित्रकार नको ते वगळतो आणि शीर तेवढी दाखवतो.

पण पोटापाण्याचं स्पष्ट सांगतो. या कामाच्या नोकरीची जाहिरात पेपरात येत नाही. पाठ्यपुस्तकं, औषध कंपन्या, संग्रहालयं, ॲनिमेशन इथं कामं मिळतात, तीही बहुधा सुटी-सुटी. सुरुवातीला पैसा कधी येतो, कधी नाही. म्हणून हाताशी पदवी हवी. तुमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, शरीररचना पहिल्याच वर्षी. नीटमध्ये नंबर नाही लागला तर सरळ बीएफए. त्यात कमीपणा मानू नका.

तोवर शेळीच्या मागच्या पायावर हात फिरवून सांधे चाचपायला सांगा, आणि मग तोच बैल पुन्हा काढू दे. आणि हाडं खळाखळा उकळू नका म्हणावं, ठिसूळ होतात. साध्या पाण्यात भिजत घालायची. वास मात्र घरादाराला सोसावा लागेल.