नोकरी सांभाळून तीन महिन्यांत एखादे वैयक्तिक ध्येय पूर्ण करता येते का?

आपला प्रश्न असा आहे की, नोकरी आणि घर सांभाळून, ठरलेल्या तारखेच्या आत, अवघ्या तीन महिन्यांत कोणी एखादे वैयक्तिक ध्येय खरोखर गाठले आहे का, आणि गाठले असल्यास वेळ नेमका कशात गेला. माझ्या अनुभवापुरते सांगतो. घरातले जुन्या मोडी लिपीतले सतरा कागद नव्वद दिवसांत वाचून बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवायचे, असे मी ठरवले होते. चौदा झाले, तीन राहिले. सुरुवात केली तेव्हा मला मोडीचे एकही अक्षर येत नव्हते.

आमच्या गावच्या घरी माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत एक रुमाल होता. दफ्तरखान्यात रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. शाळांतून मोडी शिकवणे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होते, त्यामुळे आजोबांना ते कागद सरसर वाचता येत. काकांच्या पिढीला ती लिपी शाळेत भेटलीच नाही. गेल्या संक्रांतीला सगळे जमलो असताना काका सहज म्हणाले, "मी गेल्यावर हे रद्दीत जाणार, एवढे मला दिसते आहे." त्यांचे सहस्रचंद्रदर्शन १४ एप्रिलला ठरलेले होते. मी त्याच बैठकीत बोलून गेलो की त्या दिवशी हे कागद तुम्हांला वाचून दाखवतो. चारचौघांत बोललेला शब्द मागे घेता येत नाही, त्यामुळे १४ जानेवारी ते १४ एप्रिल ही मुदत तिथेच पक्की झाली.

घरी परत आल्यावर मला कळले की "मोडी शिकणे" हे तीन महिन्यांचे काम नाही. शिवकालीन वळण वेगळे, पेशवाईतले वेगळे, इंग्रजी अमलातले त्याहून वेगळे. पुण्यात पेशवे दफ्तरातले किंवा भारत इतिहास संशोधक मंडळातले कागद वाचण्यात माणसांनी उभी हयात घालवली आहे. म्हणून मी ध्येयच कापून लहान केले: मोडी शिकायची नाही, हे सतरा कागद वाचायचे. हा फरक शब्दांचा वाटेल, पण पुढचे सगळे त्यावर ठरले. पहिल्या रविवारी मी सतराही कागदांचे फोटो काढून ते जमिनीवर मांडले आणि एक अक्षरही कळत नसताना, केवळ वळण पाहून त्यांचे ढीग केले. तेव्हा दिसले की नऊ कागद एकाच हातचे आहेत. बहुधा गावच्या एकाच कुलकर्ण्याने ते वर्षानुवर्षे लिहिले असावेत. म्हणजे मला सतरा हस्ताक्षरे नव्हे, आधी एकच हस्ताक्षर ओळखीचे करून घ्यायचे होते. माझ्या नव्वद दिवसांतला सर्वांत किफायतशीर तास कोणता, असे कोणी विचारले तर मी तो रविवारचा तास सांगेन.

जानेवारीच्या अखेरीस दहा दिवसांचा एक संध्याकाळचा वर्ग मिळाला, रोज दोन तासांचा. तिथे आम्हांला वाचायला न लावता आधी कित्ता गिरवायला लावला, आणि ते योग्यच होते. मोडीत आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतात आणि मग त्या रेघांना अक्षरे लटकवत जातात. हात उचलावा लागू नये म्हणून काना वरून खाली न येता अक्षराच्या बुडातून वर चढतो आणि रेघेला मिळतो, तिथूनच पुढचे अक्षर सुरू होते. डोळ्यांनी पाहून हा गुंता सुटत नाही. हाताने दोनशे वेळा तो फेरा मारला की मग कागदावरच्या फराट्यात अक्षर कुठे संपले आणि काना कुठे सुरू झाला हे दिसू लागते. इकार एकच, दीर्घ. उकार एकच, ऱ्हस्व. त्यामुळे शुद्धलेखनाची धास्ती नाही, हा दिलासा. र मात्र शेजारी कोण आहे त्यावर रूप बदलतो आणि त्याने मला शेवटपर्यंत छळले. (छापील मोडीच्या नादी लागू नका. मिशनरी विल्यम कॅरी यांनी १८१० मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला मराठी कोश मोडीच्या खिळ्यांत छापला होता, आणि आता तर मोडी युनिकोडातही आहे. पण खिळ्यातले सुटे, शिस्तीतले अक्षर आणि कुलकर्ण्याचे घाईचे अक्षर यांची एकमेकांशी फारशी ओळख नसते.)

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मला सगळी मुळाक्षरे येत होती, बाराखडी येत होती, आणि कागद मात्र एकही लागत, म्हणजे वाचता येत, नव्हता. आपण कोणतेही ध्येय घ्या, मुदतीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यानंतर ही जागा येते असे मला वाटते, आणि नेमके तिथेच बहुतेकजण सोडतात, कारण आपण शिकलो त्याचा उपयोग होत नाही असा समज होतो. माझी अडचण अक्षरांची राहिलीच नव्हती. मोडीत शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हे नाहीत. ओळ सुरू झाली की संपेपर्यंत एकच साखळी. नऊ कागदांच्या ढिगातल्या पहिल्याच कागदात मी अक्षर अन् अक्षर बरोबर लावून "मळाचारजणांनीराखावा" असे वहीत उतरवले आणि त्याची फोड "मळाचा रजणांनी राखावा" अशी केली. मग दोन दिवस हे रजण कोण, हे आडनाव की जात, याचा शोध घेत बसलो. गावातल्या दोघा वृद्धांना फोनही केले. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना लक्षात आले: मळा चार जणांनी राखावा.

त्यानंतर मी पद्धत बदलली. अक्षरांचा सराव बंद केला आणि अशा कागदांत जे शब्द येणारच त्यांची यादी वहीच्या मागच्या पानावर करू लागलो: मजकूर, सदरहू, पैकी, बितपशील, तागाईत, वतन, गहाण, फारखत, दस्तुर. ही भाषा मराठीच, पण निम्मी फारसी, आणि ती आधी कानावर असल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही. यादी सव्वाशे शब्दांपर्यंत गेली तेव्हा वाचण्याचा वेग एकदम बदलला. वहीत मी रोज किती ओळी लागल्या एवढाच आकडा लिहीत होतो: ६ फेब्रुवारीला तासाला दीड ओळ, १० मार्चला तासाला नऊ. मधल्या काळात असे कित्येक दिवस आहेत की जिथे आकडा तसूभरही हललेला नाही.

एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण त्यात माझ्या धंद्याची लाज आहे. मी एका पतसंस्थेत हिशेब पाहतो. विहिरीच्या डागडुजीचा एक छोटा कागद होता, त्यात दोन रकमा आणि खाली एकूण. पहिली मी सात वाचली, दुसरी चार, आणि एकूण मात्र स्पष्ट बारा. दोन्ही आकड्यांपुढे दोन उभ्या रेघा होत्या, त्या मी संक्षेपाची खूण धरल्या होत्या. कारण मोडीत शब्द आखडता घेताना अशाच रेघा देतात, मु॥ म्हणजे मुक्काम. रेघांच्या आधी कोणता शब्द गिळला असेल, यावर मी दोन सकाळी घालवल्या. शेवटी कागद बाजूला ठेवून, ताळेबंद जुळत नसला की आम्ही करतो तेच केले: फरक किती, तो पाहिला. फरक एक रुपया, रकमा दोन, म्हणजे प्रत्येकी आठ आणे. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ७॥ आणि ४॥, एकूण १२. आजोबांच्या पिढीतले शाळकरी पोरही हे क्षणात सांगू शकले असते.

तारखांचे गणितही एकदाच बसून शिकावे लागले. ढिगातल्या सर्वांत जुन्या कागदावर छ ९ रबिलावल आणि सु॥ समान तिसैन मया व अलफ असे होते. हे अरबी आकडे सुट्यापासून वाचायचे: समान आठ, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार, मिळून सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली एक वर्षगणना) ११९८. हे वर्ष मृगापासून सुरू होते, म्हणून जून ते डिसेंबरमधल्या तारखेला ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवले की इसवी सन येतो. छ म्हणजे चंद्र, त्या मुसलमानी महिन्याचा नववा चंद्र. जंत्रीशी, म्हणजे तारखांच्या कोष्टकाशी, पडताळले तेव्हा १७९७ च्या पावसाळ्याची अखेर निघाली, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाची कारकीर्द. त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा पोहोचलो.

आता चूक. पंधरा वर्षे हिशेबाचे काम करणाऱ्या माणसाने नव्वद दिवसांचा आराखडा आखताना मार्चअखेर धरली नव्हती. १८ मार्च ते २ एप्रिल या सोळा दिवसांत मी वही उघडली नाही. रात्री साडेदहाला घरी येऊन बोरू हातात धरणे शक्यच नव्हते, आणि पहाटेची साडेपाचची वेळ झोपेने घेतली. एकूण हिशेब असा: वर्गाचे वीस तास, आणि उरलेल्या दिवसांपैकी चौसष्ट दिवस रोज एक तास, म्हणजे सगळे मिळून ८४ तास. नव्वद दिवस ऐकायला भरपूर वाटतात. तास मोजले की आपल्या हातात प्रत्यक्षात किती आहे ते कळते. आपणही आपल्या तीन महिन्यांत कोणाचे लग्न, कोणाची परीक्षा, कोणता सण, कोणती वर्षअखेर येते ते आधी कॅलेंडरवर खोडून घ्या आणि उरलेल्या तासांत मावेल एवढेच ध्येय ठेवा.

३ एप्रिलला वही उघडली तेव्हा वाटले होते तेवढे विसरलो नव्हतो, पण सहा कागद शिल्लक होते आणि दिवस अकरा. त्यातल्या दोन कागदांना वाळवीने मधोमध चाळण केली होती आणि एक कागद अशा लफ्फेदार वळणाचा होता की मला त्यातले "श्री" सोडून काही लागत नव्हते. हे तीन मी त्याच सकाळी बाजूला ठेवले. मन खट्टू झाले हे खरे, तरी तो निर्णय आदल्या आठवड्यात घ्यायला हवा होता एवढेच आज म्हणेन. सतराचा हट्ट धरला असता तर जे तीन साधे कागद त्या अकरा दिवसांत झाले तेही झाले नसते.

वेळ कसा काढला, याचे उत्तर फारसे रंजक नाही. पहाटेचा एक तास, जेवणाच्या टेबलाच्या एकाच कोपऱ्यावर, फोन दुसऱ्या खोलीत. रात्रीचा तास मी आधी आठवडाभर करून पाहिला, तेव्हा दमलेल्या डोळ्यांना न आणि त सुद्धा सारखेच दिसू लागले. पत्नीने पहिल्या महिन्यात मुलीच्या डब्याचे काम पूर्णपणे स्वतःकडे घेतले, त्याशिवाय हा तास निघाला नसता. असा तास कोणाच्या तरी वाट्यातून येतो, आणि तो कोणाच्या वाट्यातून येणार हे घरात आधी बोलून ठरवावे.

१४ एप्रिलला औक्षण, जेवणे वगैरे आटोपल्यावर मी काकांसमोर मळ्याच्या वाटणीचा कागद वाचला. मोटेच्या पाण्याच्या पाळ्या, राखणीचे चार जण, विहिरीचा खर्च, आणि शेवटी साक्षीदारांची नावे. लिहिता न येणाऱ्या कुळांनी नावापुढे निशाणी म्हणून छोटा नांगर काढला आहे, शाईने, पाचसहा रेघांत. काकांनी चष्मा काढून तो कागद डोळ्यांजवळ नेला आणि त्यातला एक नांगर बराच वेळ पाहिला, कारण त्याच्याशेजारचे नाव आमच्या खापरपणजोबांच्या वडिलांचे निघाले. मग म्हणाले, "नांगर बाकी सरळ काढलाय."

बाजूला ठेवलेल्या तिघांपैकी लफ्फेदार वळणाचा कागद पुढे दिवाळीत एका जाणकाराच्या मदतीने लागला. ते एका कर्जाचे फारखत, म्हणजे कर्ज फिटल्याचा लेख, होते. वाळवीचे दोन अजून रुमालातच आहेत. त्यांच्यासाठी मी कोणतीही तारीख बोललेलो नाही.