'स्नोखा', 'स्नुषा' आणि 'सून'

रशियनमधला सुनेसाठीचा 'स्नोखा' हा शब्द 'सिन्' म्हणजे मुलगा यावरून आला का, आणि आपल्या 'सून'शी त्याचे नाते आहे का, असे आपण विचारले आहे. नाते निःसंशय आहे. 'सिन्'वरची व्युत्पत्ती मात्र, अर्थ कितीही जुळत असला तरी, मला पटत नाही.

आदिस्लाव्ह, म्हणजे रशियन, पोलिश वगैरे स्लाव्ह भाषांच्या पूर्वज भाषेतले रूप *स्नुखा असे पुनर्रचित केले जाते (तारांकन म्हणजे लेखी पुरावा नसलेले, तर्काने ठरवलेले रूप), आणि त्यातला 'उ' अतिशय आखूड होता. 'र', 'उ', 'क' आणि 'इ' या ध्वनींनंतरच्या मूळ 'स'चा स्लाव्हमध्ये 'ख' होतो, हे डॅनिश भाषाशास्त्रज्ञ होल्गर पेडरसन यांनी 1895 मध्ये दाखवून दिले. नेमक्या त्याच जागी संस्कृतात 'ष' येतो. म्हणून 'स्नुखा' आणि 'स्नुषा' ही रूपे अक्षरशः समोरासमोर ठेवता येतात. 'स्नुषा' शब्दही जुना आहे: ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील वृषाकपिसूक्तात 'सुस्नुषे' (चांगली सून असलेली) हे संबोधन येते. पुढे प्राकृतात 'सुण्हा' आणि मराठीत 'सून' झाले.

आता 'मुलगा' या अर्थाच्या शब्दाविषयी. संस्कृत 'सूनु' आणि स्लाव्ह 'सिन्' यांत 'स' व 'न' यांच्यामध्ये मूळचा दीर्घ 'ऊ' आहे (स्लाव्हमध्ये त्याचा पुढे 'इ'सारखा उच्चार झाला), तर सुनेच्या शब्दात 'स्न' हे जोडाक्षर आरंभीच आहे. ग्रीक 'नुओस', लॅटिन 'नुरुस' आणि आर्मेनियन 'नु' यांत आरंभीचा 'स' गळला, तो पुढे लगेच 'न' होता म्हणूनच. मधला दीर्घ स्वर इंडो-युरोपीय भाषाकुलाच्या या सगळ्या शाखांतून मागमूस न ठेवता नाहीसा झाला, असे मानायला आधार नाही. आपल्या 'सून'मधला 'ऊ' फसवा आहे, कारण तो प्राकृतातल्या वर्णविपर्ययानंतर, म्हणजे ध्वनींच्या जागांची अदलाबदल झाल्यावर, 'स' आणि 'न' यांच्यामध्ये आला.

वंशजांत रशियन 'स्नोखा', सर्बियन 'स्नाहा' व बोलीतले 'स्नाया', आणि बल्गेरियन 'स्नाहा' ही रूपे ठळक आहेत. काटेकोर रशियनमध्ये सासऱ्याच्या नात्याने ती 'स्नोखा' आणि सासूच्या नात्याने 'नेव्हेस्त्का' असते. शेजारचे शब्दही पाहावेत: रशियन 'देव्हेर' म्हणजे संस्कृत 'देवृ' आणि आपला दीर, 'स्व्हेक्रोव्ह' म्हणजे 'श्वश्रू' आणि आपली सासू. सासरच्या नात्यांचा हा संच दोन्हीकडे इतका शाबूत राहावा, हे मला फार मोलाचे वाटते.

आपला तर्क मात्र पोलिशमध्ये खरा ठरतो: तिथे सुनेला 'सिनोव्हा' म्हणतात आणि तो शब्द 'सिन्'वरूनच नव्याने घडवलेला आहे.