आप्पांची तिथी आणि लेडी रेचेल

प्रिय सई,

परवा आप्पांचा पक्ष होता, मी वडे तळत होते, आणि तू विचारलंस, "आजोबा तर नाहीत, मग हे सगळं कुणासाठी? क्रीपी आहे." मी नुसतं "ताटं घे" म्हटलं. लागलं मला ते. रात्री तुझा लॉर्ड विल्यम रसेलवरचा प्रोजेक्ट वाचला, तेव्हा वाटलं, लिहूनच सांगावं.

छान लिहिलायस गं. बेडफर्डच्या अर्लचा हा मुलगा. दुसऱ्या चार्ल्सला मारण्याच्या राय हाउस कटात त्याचं नाव आलं आणि 1683 च्या जुलैत खटला चालला. टिपणं घ्यायला कुणीतरी हवं होतं, तर त्याची बायको रेचेलच कोर्टात लिहायला बसली. शेवटच्या संध्याकाळी न्यूगेटच्या तुरुंगात मुलं भेटून गेली, दोन मुली आणि तीन वर्षांचाही नसलेला मुलगा. मग तो तिला म्हणाला, थांब, शेवटचं जेवण माझ्याबरोबर जेव. दुसऱ्या दिवशी, 21 जुलैला, लिंकन्स इन फील्ड्समध्ये त्याचा शिरच्छेद झाला. 1694 मध्ये त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना ड्यूक केलं आणि सनदेत गेलेल्या मुलाचे गोडवे गायले. काय उपयोग! रेचेल त्यानंतर 40 वर्षं जगली. पुन्हा लग्न केलं नाही. दरवर्षी त्याच्या मृत्यूचा दिवस पाळायची.

याला तू 'निष्ठा' म्हटलं आहेस. आणि माझं ते क्रीपी?

सातारच्या घरी पक्ष म्हणजे आम्हा मुलांना वैतागच होता. सकाळपासून वडे, अळू, आमसुलाच्या चटणीचा वास, आणि भटजी जेवेपर्यंत कुणाला घास नाही. गच्चीवर पान ठेवून कावळ्याची वाट बघायची. एकदा दीड वाजला तरी कावळा फिरकेना. शेवटी तुझ्या दादामामाने पानातला वडा उचलून तोंडात कोंबला आणि "शिवला, शिवला!" ओरडत जिना उतरला. आजीने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं, पदराने त्याच्या हनुवटीवरचं तेल पुसलं आणि पानं वाढायला घेतली. एक शब्द बोलली नाही.

पण ती उपाशीपोटी सोवळ्यात राबायची ती सासरच्या माणसांसाठी. तिच्या स्वतःच्या आईचा पक्ष त्या घरात कधी झाला नाही. लेकीने करायचा नसतो, म्हणे. तेव्हा मी इथे वॉटफर्डमध्ये आप्पांचा करते त्यात रीत किती आणि माझा हट्ट किती, मलाही सांगता यायचं नाही. रीतसर श्राद्ध दादामामा पुण्याला करतोच. माझ्याकडे ना भटजी, ना पिंड, नारळसुद्धा फ्रोजन. आणि आप्पांना वडे आवडत नव्हते, तेही खरंच आहे.

रेचेलला तरी कुणी सांगितलं होतं? तिने आपणहून धरलं. मला ती आवडली ती त्यामुळे. अर्थात तिचा नवरा तसा गेला, आपले आप्पा अंथरुणात, सगळ्यांच्या देखत गेले. बरोबरी करत नाही मी.

पक्षाची तारीख दरवर्षी का बदलते, असंही विचारलं होतंस. तुझ्या इंग्लंडचं कॅलेंडर तेव्हा युरोपातल्या बऱ्याच देशांच्या 10 दिवस मागे होतं, ते 1752 मध्ये सुधारलं. म्हणजे तिचा 21 जुलै आजच्या हिशेबाने 31 जुलै. आता तिचा दिवस कुठला धरायचा, तूच सांग!

तू पुढे माझं काही करावंस म्हणून हे लिहीत नाहीये. अभ्यास असेल त्या दिवशी खोलीतून बाहेरही येऊ नकोस, मी वाईट वाटून घेणार नाही. (थोडं घेईन.)

चेनीजच्या चर्चमध्ये रसेल घराण्याचं चॅपल आहे, ती दोघं तिथेच आहेत. इथून काही लांब नाही. आत सोडतात का ते बघून ठेव, शनिवारी बाबाला गाडी काढायला सांगू. कंटाळा येणार असेल तर तसं सांग, मी एकटी जाईन.

तुझी,
आई