ताई, ती फुल पँट आधी काढा

रावेर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या नडगीवर, पुढच्या बाजूला टणक उंचवटा आला. दुखत नव्हता. जळगावला एक्स-रे झाला, बायोप्सी झाली आणि 'ऑस्टिओफायब्रस डिस्प्लेशिया' असं निदान निघालं. डॉक्टर म्हणाले, आत्ता ऑपरेशन नको, दर सहा महिन्यांनी एक्स-रे काढू, तुम्ही लक्ष ठेवा. सासरे म्हणतात, असला रोग कधी ऐकला नाही, मुंबईला नेऊन कापून टाका. कुणाचं ऐकू?

डॉक्टरांचं. ही हाडातली साधी गाठ आहे, कॅन्सर नाही, अंगात पसरत नाही. लहान वयात खरवडून काढलं तर पुष्कळदा पुन्हा येतं, आणि हाडांची वाढ पूर्ण झाली की बहुतेक मुलांत ते आपसूक थांबतं. सासऱ्यांना सांगा, इटलीच्या कँपानाची नावाच्या हाडांच्या डॉक्टरांनी याला हे नाव १९७६ सालीच दिलंय.

मी अडकले ते तुमच्या शेवटच्या दोन ओळींत. 'अखाजीला माहेरी गेलो तर सगळी पोरं मळ्यात मोटारीच्या पाण्यात डुंबत होती, हा एकटा बाजेवर बसलेला. मी त्याला आता फुल पँटच घालते, रात्रीसुद्धा.'

अखाजीला, ताई! आपल्याकडे त्या दिवसांत अंगावर बनियन सोसवत नाही. तुमचं पोर जाड पँटीत घामानं भिजत झोपतंय आणि तुम्ही ते जाता जाता लिहून मोकळ्या झालात. पत्रात डॉक्टरांनी पाणी बंद केल्याचं कुठेच नाही. लोक विचारतील, ही भीती तुमची आहे. तिचं ओझं आठ वर्षांच्या पायावर का?

आणि तो अंघोळ स्वतःची स्वतः करतो, हेही तुम्हीच लिहिलंय. मग ती नडगी तुम्ही शेवटची कधी पाहिलीत? डॉक्टरांनी गोळी दिली नाही, मलम दिलं नाही. 'लक्ष ठेवा' हाच त्यांचा उपचार आहे आणि तुम्ही तोच कापडाखाली झाकून टाकलात. हे हाड पुढे कमानीसारखं वाकू शकतं, साध्या पडण्यानं मोडू शकतं. ॲडमँटिनोमा नावाची एक दुर्मीळ, खरोखर वाईट गाठही याच हाडात होते, एक्स-रेत अशीच दिसते. बायोप्सीत हाडाचा एवढासा तुकडा घेतात, त्यात ती निसटू शकते, म्हणून पुढची वर्षं नजर हवीच. वाक वाढला, सूज वाढली, दुखायला लागलं, पोर लंगडायला लागलं, तर सहा महिने थांबायचं नाही. पण हे दिसणार कुणाला?

आज संध्याकाळी त्याला ओट्यावर उजेडात बसवा, हाफ पँट घालून. दोन्ही नडग्या शेजारी शेजारी ठेवा आणि वरून खाली बोट फिरवा. दर रविवारी हेच करा. रोगाचं नाव त्याला पाठ करू द्या. मळ्यातल्या पोरांनी विचारलं तर 'हाडात गाठ आहे, कुणाला लागत नाही' एवढं त्याला सांगता आलं पाहिजे. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हाही हाफ पँटच.

कोणते खेळ चालतील, उड्या मारायच्या की नाही, ते पुढच्या तारखेला डॉक्टरांना विचारा. तुम्ही नका विचारू, त्यालाच विचारू द्या.